फोटोच्या पाठीवर

विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा-अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि आमचा मधल्या खोलीतला कॉम्प्युटर इतका जुना होता की त्यावर विंडोज ११ बसत नव्हतं. दिवाळीत नवा आणला. मशीन निवडायला अर्धा तास लागला. त्यावर घरातले फोटो कशात ठेवायचे, हे ठरायला मात्र तीन रविवार गेले. ते तिन्ही रविवार मामा आमच्याकडे येऊन बसले.

मामांनी सांगलीत १९६९ ते २०११ अशी बेचाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. पासपोर्ट, लग्नं, शाळांचे वर्गफोटो, पाळण्यातली बाळं. त्यांना कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही, असं ते स्वतःच सांगतात. पण फोटो सांभाळायचा म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं जाणणारं आमच्या नात्यात दुसरं कुणी नाही.

आमचा कॉम्प्युटर चौघांचा. सासूबाईंना नातवंडांचे फोटो पडदाभर मोठे करून बघायचे असतात. नवरा ट्रेकवरून आला की मेमरी कार्ड रिकामं करतो. दहावीतल्या मुलाला शाळेच्या प्रकल्पात घालायला फोटो लागतात. आणि मी कॅमेऱ्यातल्या रॉ फाइली व जुन्या प्रिंटांचे स्कॅन घेऊन रात्री बसते. असे सगळे मिळून बत्तीस हजारांवर फोटो, आणि त्यातले निम्मे कुणाचे, कधीचे, हे फक्त सासूबाईंच्या नाहीतर मामांच्या डोक्यात.

पहिल्या रविवारी मी ठरवूनच बसले होते. डिजिकॅम हे सॉफ्टवेअर घ्यायचं. ते मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं, आणि चेहरे ओळखायचं काम फोटो कुठंही न पाठवता आपल्याच कॉम्प्युटरवर करतं. एकदा सगळे फोटो त्यात घेतले, माणसांची नावं दिली, की कुणीही नाव टाकून शोधावं.

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "मला एक सांग. हे जे नाव तू देणार, ते राहणार कुठं?"

"डेटाबेसमध्ये. म्हणजे तुमचं रजिस्टर असायचं ना, तसंच एक. कुठल्या फोटोत कोण, ते सगळं त्यात."

"मग तुझं रजिस्टर वाचायला तुझंच सॉफ्टवेअर लागणार. आणि ते बंद पडलं की?"

"ते पंचवीसेक वर्षांपासून चालू आहे, मामा. जगभरातले लोक मिळून लिहितात. एखादी कंपनी बुडाली म्हणून बंद पडायचं नाही."

"कोडॅक बुडेल असं ऐंशी साली मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला दुकानातून बाहेर काढलं असतं. २०१२ साली त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. आणि उटीचा तो आपला सरकारी कारखाना, हिंदुस्थान फोटो फिल्म्स. त्यांची 'इंदू' फिल्म मी कितीतरी वर्षं वापरली. सरकारचा कारखाना म्हणजे कायमचा, असं वाटायचं. तोही गेला. बनवणारा गेला म्हणून माझं काही अडलं नाही, कारण निगेटिव्ह खिडकीपुढं धरली की आजही दिसते. तुझं सॉफ्टवेअर गेलं की खिडकीपुढं काय धरणार?"

या प्रश्नाला मी लगेच उत्तर देऊ शकले नाही, कारण मामांच्या बाजूनं उदाहरणं भरपूर आहेत. पिकासा एके काळी आपल्याकडच्या बऱ्याच कॉम्प्युटरांवर दिसायचं. गूगलनं ते २००४मध्ये विकत घेतलं आणि मार्च २०१६मध्ये त्याची साथ सोडली. ॲपलनं आयफोटो आणि ॲपर्चर ही दोन्ही २०१५मध्ये थांबवून त्यांच्या जागी फोटोज आणलं. मायक्रोसॉफ्टच्या फोटो गॅलरीचा आधार १० जानेवारी २०१७ रोजी संपला. ही सगळी चांगली सॉफ्टवेअरं होती. लोकांनी त्यांत वर्षानुवर्षं नावं लिहिली होती.

"म्हणून माझं ऐक," मामा म्हणाले. "सॉफ्टवेअरच्या भानगडीत पडू नको. सालवार फोल्डर कर. त्यात महिना, त्यात प्रसंग. आणि एका साध्या फाइलीत लिहून ठेव की अमुक फोल्डरात अमक्याच्या मुंजीचे फोटो, डावीकडून हे, हे आणि हे. बघायला ते इरफान का काय तुझ्या नवऱ्यानं दाखवलं होतं, ते पुरे. झटकन उघडतं."

इरफानव्ह्यू खरोखरच झटकन उघडतं. १९९६पासून आहे, घरगुती वापराला मोफत आहे, आणि सासूबाईंसाठी मी आजही तेच ठेवलं आहे. फोल्डरांबद्दलही मामांचं म्हणणं मला मान्य होतं. वर्ष, महिना, दिवस या क्रमानं आकड्यांत नाव दिलं की कुठल्याही कॉम्प्युटरवर फोल्डर आपोआप काळाच्या क्रमानं लागतात. त्याला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही.

"पण मामा, एका फोटोत अकरा माणसं आहेत. तो मुंजीच्या फोल्डरात गेला. उद्या मला आक्काचे सगळे फोटो हवेत, लहानपणापासून शेवटपर्यंतचे. मी किती फोल्डरं उघडू?"

"रजिस्टरात शोध."

"बत्तीस हजार फोटोंचं रजिस्टर कोण लिहिणार?"

"हे मशीन चेहरे ओळखतं म्हणालीस, तर त्यालाच लिहायला सांग," मामा म्हणाले, आणि आम्ही तिथंच थांबलो. दोघांनाही रजिस्टरच हवं होतं. त्यांना कागदासारखं साधं, मला मशीननं लिहिलेलं.

मुलानं जाता जाता विचारलं, की सगळं गूगल फोटोजवरच का टाकत नाही, तिथं चेहरे आपोआप सापडतात. सापडतात, हे खरं. पण १ जून २०२१पासून तिथली अमर्याद मोफत जागा संपली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी, पुढं वर्गणी. शिवाय तिथून फोटो परत उतरवून घेतले, तर आपण लिहिलेली माहिती फोटोशेजारच्या वेगळ्या जेसन फाइलींत येते. ती पुन्हा फोटोला जोडत बसावं लागतं. दुसरी-तिसरी प्रत म्हणून ते चांगलं आहे. घरचं मूळ कपाट म्हणून मला ते नको होतं.

दुसऱ्या रविवारी मामा एक पत्र्याचा डबा घेऊन आले.

त्या डब्यात निगेटिव्ह होत्या. सहा बाय सहा सेंटिमीटरच्या, एकशेवीस फिल्मच्या. काहींच्या कडांना बटर पेपरचे तुकडे कायमचे चिकटलेले. ऑगस्ट २०१९च्या पुरात कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेली, २००५च्याही वर, तेव्हा मामांच्या घराच्या तळमजल्यावर पाणी होतं. स्टुडिओ बंद करताना त्यांनी सगळं तिथल्या कपाटांत आणून ठेवलं होतं. पाणी उतरल्यावर त्यांनी आणि मामींनी गच्चीवर दोऱ्या बांधून चिमट्यांनी निगेटिव्ह वाळत घातल्या. ज्या एकमेकींना चिकटल्या होत्या त्या गेल्या. ओल्या फिल्मवरचं जिलेटिन फुगतं आणि सुकताना जे लागलेलं असेल त्याला धरून बसतं. पण बऱ्याच वाचल्या.

"ही बघ." त्यांनी एक निगेटिव्ह खिडकीपुढं धरली. नऊवारीतली एक बाई, मांडीवर मूल. कडेला सुईनं कोरलेला आकडा : ४४१७.

"कोण आहेत या?"

"ते रजिस्टरात होतं."

मग थोडा वेळ ते काही बोललेच नाहीत. रजिस्टरं शाईपेननं लिहिलेली होती. पाण्यात तीन दिवस राहिल्यावर पानांवर फक्त निळे ओघळ उरले. आकडा निगेटिव्हवर कोरलेला, म्हणून तो टिकला. नाव दुसरीकडं लिहिलेलं, म्हणून ते गेलं. मामांकडे आज हजारो आकडे आहेत आणि त्यांची नावं नाहीत.

मी काही वर्षांपूर्वीची आमची गोष्ट त्यांना तेव्हा पहिल्यांदा सांगितली. आधीच्या कॉम्प्युटरवर एका मोफत सॉफ्टवेअरमध्ये मी दोन हजारांवर चेहऱ्यांना नावं दिली होती. मशीन मंद झालं म्हणून दुरुस्तीला दिलं. परत आलं तेव्हा फोटो सगळे जागच्या जागी होते, कारण ते डी ड्राइव्हवर होते. नावं सी ड्राइव्हवर माझ्या खात्याच्या आतल्या एका लपलेल्या फोल्डरात होती, आणि सी ड्राइव्ह फॉरमॅट झाला होता. मला वाटलं होतं की मी नावं फोटोंना दिली आहेत. मी ती रजिस्टरात लिहीत होते.

"मग आता डेटाबेसच्या दोन प्रती काढून ठेवू," मी म्हणाले. "एक बाहेरच्या डिस्कवर."

"माझ्याकडं रजिस्टरची दुसरी प्रत असती, तर तीही त्याच कपाटात असती. असं कर, दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेव. तरी प्रश्न तोच राहतो. नाव एकीकडं, माणूस एकीकडं. शंभर वर्षं दोघांनी एकमेकांचा हात धरून ठेवायचा म्हणतेस." त्यांनी माझ्या पुढ्यातला एक जुना प्रिंट उलटा केला. पाठीवर आजोबांच्या अक्षरात मऊ पेन्सिलीनं लिहिलं होतं : नरसोबाची वाडी, माघ शके १८८५. "हे बघ. फोटो कुणाच्याही घरी गेला तरी हे त्याच्याबरोबर जाणार. तुझ्या फाइलीला पाठ आहे का?"

आहे. आणि हे मला माहीत असूनही मी त्या दृष्टीनं कधी बघितलं नव्हतं. प्रत्येक जेपेग फाइलीत चित्राच्या आधी माहितीसाठी वेगळी जागा असते. कॅमेरा तिथं तारीख, लेन्स, शटरचा वेग लिहितो. ती एक्झिफ, १९९५ साली जपानी उत्पादकांनी ठरवलेली पद्धत. वृत्तसंस्थांनी बातमीच्या फोटोंना मथळे आणि नावं जोडण्यासाठी आयपीटीसीची पद्धत आणली. २००१मध्ये ॲडोबीनं एक्सएमपी आणली, आणि २०१२मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. आपल्या दृष्टीनं एक्सएमपीचा सगळ्यात मोठा गुण असा, की ती युनिकोडमध्ये लिहिली जाते. नाव देवनागरीत लिहा, ते देवनागरीतच राहतं.

"आणि फाइलीत असं लिहिलं, की फोटो खराब होत नाही?" मामांचा पुढचा प्रश्न योग्यच होता. बॉलपेननं पाठीवर लिहिलेले शेकडो फोटो त्यांनी बघितले आहेत, ज्यांच्या चेहऱ्यांवर अक्षरांचे वळ उमटलेत.

"चित्राच्या भागाला हातच लागत नाही. माहितीची जागा तेवढी पुन्हा लिहिली जाते. मात्र लिहीत असताना वीज गेली, तर फाइल अर्धवट राहू शकते. म्हणून यूपीएस हवा. आणि कॅमेऱ्याच्या रॉ फाइलींत काही लिहायचं नाही. त्यांच्या शेजारी त्याच नावाची एक्सएमपीची छोटी फाइल ठेवायची."

त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून जे केलं, ते मी कुठलंही सॉफ्टवेअर घेण्याआधी प्रत्येकाला करायला सांगेन. वीस फोटोंच्या प्रती एका वेगळ्या फोल्डरात घेतल्या. डिजिकॅममध्ये त्यांना नावं दिली, मथळे लिहिले, काहींना तारे दिले. मग तेच फोटो पेन ड्राइव्हवर घालून नवऱ्याच्या लॅपटॉपवर एक्सएनव्ह्यू या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले. पहिल्या खेपेला एकाही फोटोवर नाव दिसलं नाही. डिजिकॅमच्या सेटिंगमध्ये मेटाडेटा नावाचं पान आहे. तिथं टॅग, मथळे, तारे आणि चेहऱ्यांच्या खुणा फोटोतही लिहाव्यात का, याच्या चौकटी आहेत. त्यांतल्या हव्या त्या चौकटी आमच्याकडं निवडलेल्या नव्हत्या. त्या निवडल्या, सगळी माहिती फोटोंत उतरवायची आज्ञा दिली, पेन ड्राइव्ह पुन्हा नेला. वीसही फोटोंवर नावं आली, मराठीत.

मामांनी लॅपटॉप जवळ ओढून प्रत्येक फोटो पाहिला. "आता तुझं ते डिजिकॅम घे," म्हणाले. "बंद पडलं तरी चालेल असं आहे, म्हणून घे."

माझा निर्णय त्या क्षणी झाला. त्याआधी मी वैशिष्ट्यांच्या याद्या वाचत होते : कुठलं जास्त वेगवान, कशाचं चेहरे ओळखणं चांगलं, कुणाची रचना देखणी. घरच्या फोटोंसाठी पहिला प्रश्न वेगळा हवा होता : हे सॉफ्टवेअर काढून टाकलं, तर फोटोंबरोबर काय उरतं? या एका प्रश्नावर डिजिकॅम, एक्सएनव्ह्यू आणि डार्कटेबल ही मोफत सॉफ्टवेअरं पैसे मागणाऱ्या काहींपेक्षा सरस ठरतात. लाइटरूम क्लासिकही माहिती फाइलीत लिहू शकतं, पण तेही आपण सांगितलं तर. न सांगितल्यास सगळं त्याच्या कॅटलॉगमध्ये राहतं. त्याचा कॅटलॉग एका वेळी एकालाच उघडता येतो, आणि वर्गणी थांबली की फोटो दिसतात पण दुरुस्तीचा विभाग बंद होतो. व्यावसायिकाला ते परवडतं. चौघांच्या घरात, जिथं पुढच्या वर्षी वर्गणी कोण भरणार हेच ठरलेलं नसतं, तिथं मी ते सुचवणार नाही.

नाव कुठं लिहायचं ते ठरलं. काय लिहायचं, यावर मात्र सासूबाई आणि मामा दोघंही माझ्याविरुद्ध झाले, आणि माझ्या मते हाच या सगळ्यातला सगळ्यात अवघड भाग आहे. परदेशात लिहिलेल्या कुठल्याही मार्गदर्शकात तो मला सापडला नाही.

मी आपलं सरळ "आजी" असं टॅग दिलं होतं. मुलगा म्हणाला, कुठली? त्याची आजी म्हणजे माझ्या सासूबाई. माझी आजी वेगळी. नवऱ्याची आणखी वेगळी. एकाच फोटोतली बाई माझी आत्या, माझ्या आईची वन्सं आणि मामांची विहीणबाई. चौघांच्या कॉम्प्युटरवर नातं लिहिलं, की ते फक्त लिहिणाऱ्यापुरतं खरं असतं.

"मग नाव लिही," मामा म्हणाले.

"कुठलं नाव?" सासूबाई आतून म्हणाल्या. "माझं कुठलं लिहिणार?"

सासूबाईंचं माहेरचं नाव शांता. लग्नात तांदळात अंगठीनं सुनंदा लिहिलं गेलं, आणि त्या दिवसापासून त्या सुनंदा. १९६६च्या शाळेच्या फोटोत त्या शांता आहेत. १९७३च्या लग्नाच्या फोटोत सकाळी शांता आणि संध्याकाळी सुनंदा. त्यांच्या माहेरचं कुणी शोधायला बसलं, तर सुनंदा हे नाव टाकायचं त्याला सुचणारही नाही. आडनाव तर सगळ्यांचंच बदललेलं.

मामांचं मत होतं, फोटो काढला त्या दिवशी जे नाव होतं तेच लिहावं. स्टुडिओच्या रजिस्टरात ते तसंच लिहीत. फोटो हा त्या दिवसाचा पुरावा; नंतरचं नाव त्यावर चढवणं खोटं. माझं म्हणणं, की माणूस एक आहे, तर टॅगही एकच हवा. नाहीतर सोळा वर्षांची शांता आणि पन्नाशीची सुनंदा या कॉम्प्युटरपुरत्या दोन वेगळ्या बायका होतील. यावर अर्धा तास गेला. शेवटी सासूबाईंनी स्वतःच सांगितलं तसं केलं : टॅग एकच, "सुनंदा, माहेरची शांता", पुढं दोन्ही आडनावं. शांता शोधलं तरी येतं, सुनंदा शोधलं तरी येतं. आणि मामांच्या समाधानासाठी त्या दिवशीचं नाव फोटोच्या मथळ्यात. घरातल्या प्रत्येक बाईसाठी आम्ही आता असंच लिहितो. ज्यांची माहेरची नावं कुणालाच आठवली नाहीत, अशा चार बायका निघाल्या. त्यांतली एक माझी पणजी.

बाकीचे नियम पटकन ठरले. सगळी नावं देवनागरीत, कारण एकानं रोमनमध्ये आणि दुसऱ्यानं मराठीत लिहिलं की एकाच माणसाचे दोन टॅग होतात. नवीन नाव फक्त मी किंवा नवरा घालणार. बाकीच्यांनी यादीतून निवडायचं. मंजिरी आणि मंजीरी असे दोन टॅग आमच्याकडं पहिल्याच आठवड्यात तयार झाले होते.

तारखांचा घोळ त्याहून मोठा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंची एक्झिफ तारीख पुसलेली असते; फाइलीच्या नावात दिसणारी तारीख फोननं घातलेली असते, ती फोटो काढल्याचा दिवस असेलच असं नाही. स्कॅन केलेल्या प्रिंटला स्कॅनची तारीख लागते, म्हणजे आजोबांचं लग्न २०२१मध्ये झालेलं दिसतं. या तारखा हातानं बदलाव्या लागतात. दिवस नक्की माहीत नसेल, तर आम्ही त्या वर्षाची १ जानेवारी घालतो आणि मथळ्यात "अंदाजे" असं लिहितो. ज्यांना मूळ फोटो हवा आहे, त्यांनी तो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून मागवू नये, डॉक्युमेंट म्हणून मागवावा. तो आकसत नाही.

तिसऱ्या रविवारी दुरुस्तीचा विषय निघाला, कारण मुलानं आदल्याच दिवशी २००८चा एक गटफोटो शाळेच्या प्रकल्पासाठी कापून त्याच नावानं जपून ठेवला होता. आठ माणसांतली तीन उरली. बाहेरच्या डिस्कवर प्रत होती म्हणून तो परत मिळाला.

"आम्ही टचिंग करायचो ते थेट निगेटिव्हवरच," मामा म्हणाले. "देवीचे व्रण, सुरकुत्या. आधी टचिंगचं द्रव्य लावायचं, म्हणजे पेन्सिल धरते. मग अगदी टोकदार पेन्सिलीनं ठिपके. गिऱ्हाइकाला नको झालं, की टर्पेंटाइनचा बोळा फिरवून सगळं पुसता यायचं. पण काही जण सुरीनं खरवडायचे. काळं जास्त झालेलं काढायला. एकदा खरवडलं की परत नाही. माझ्या हाताखालच्या पोरांना मी पेन्सिल द्यायचो. सुरी कुणालाच नाही."

मला यापेक्षा चांगलं स्पष्टीकरण कुठं सापडलं नव्हतं. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दुरुस्तीची सॉफ्टवेअरं पेन्सिलीनं काम करतात : मूळ फाइल तशीच, बदलांची नोंद शेजारच्या छोट्या फाइलीत. साधी दुरुस्तीची सॉफ्टवेअरं मूळ फाइलीवरच जपून ठेवतात, ती सुरी. जेपेगला तर ती दोनदा लागते, कारण दर वेळी जपून ठेवताना फाइल नव्यानं दाबली जाते आणि थोडा तपशील जातो.

"म्हणजे बदल त्या छोट्या फाइलीत," मामांनी लगेच पकडलं. "मग ते पुन्हा तुझं रजिस्टरच झालं की."

बरोबर होतं. डार्कटेबलनं लिहिलेले तारे आणि टॅग दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येतात. त्यानं केलेलं रंगांचं काम दुसऱ्याला उमगत नाही. लाइटरूमचंही बहुतांशी तेच. ही अडचण आजतागायत कुणी पूर्णपणे सोडवलेली नाही. म्हणून मामांच्या सांगण्यावरून आम्ही त्यांच्या धंद्यातलाच रिवाज घेतला : काम पूर्ण झालं, की प्रिंट काढायचा. आमच्याकडं त्याचा अर्थ, पूर्ण झालेल्या फोटोची वेगळी जेपेग काढून "तयार" या फोल्डरात ठेवायची. मूळ वेगळं, तयार वेगळं. जुन्या स्कॅनवरचे ओरखडे काढायला मी गिंप हे सॉफ्टवेअर वापरते, तेही प्रतीवर.

आणि सुरी कुणाच्या हातात द्यायची नाही, ते कॉम्प्युटरलाच सांगितलं. विंडोजमध्ये फोटोंसाठी एक वेगळं खातं केलं. मूळ फोटोंच्या फोल्डरात लिहायची परवानगी फक्त त्या खात्याला. आमच्या चौघांच्या खात्यांना फक्त वाचायची. मुलगा हवा तेवढा कापू शकतो, पण ते त्याच्या स्वतःच्या फोल्डरातच जपून ठेवावं लागतं. डिजिकॅमचा डेटाबेसही त्याच एका खात्यात आहे, म्हणजे दोघांनी एकाच वेळी उघडून तो बिघडवायचा प्रश्न येत नाही. माझ्या मते एकत्र घरातल्या कॉम्प्युटरवर ही अर्ध्या तासाची तजवीज कुठल्याही सॉफ्टवेअरच्या निवडीपेक्षा जास्त फोटो वाचवते.

एका बाबतीत मामांचं आणि माझं अजून पटलेलं नाही. चेहरे ओळखणं. मशीन बहिणीबहिणींत घोळ करतं, लहान मुलांत तर फारच. मामा म्हणतात, प्रत्येक चेहरा माणसानं बघूनच नाव द्यावं, मग दहा वर्षं लागली तरी चालेल. मी म्हणते, मशीननं सुचवावं आणि आम्ही हो किंवा नाही म्हणावं, कारण दहा वर्षं आपल्याकडं नाहीत. हे मी त्यांच्यासमोर असं बोलले, आणि त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. तूर्त मी माझ्या पद्धतीनं करते आणि ते रविवारी येऊन तपासतात.

एक डिस्क घरात आहे. दुसरी साताऱ्याला बहिणीकडं, दुसऱ्या मजल्यावर. दर सहा महिन्यांनी बदलायची ठरली आहे. ४४१७ क्रमांकाची निगेटिव्ह आम्ही स्कॅन केली. ती नऊवारीतली बाई मशीनला कुठल्याच दुसऱ्या फोटोत सापडली नाही, मामींनाही आठवली नाही. तिच्या फोटोत क्रमांक, स्टुडिओचं नाव आणि "अंदाजे १९७५" एवढंच लिहिलं आहे.

डिजिकॅममध्ये आम्ही "ओळखायचे बाकी" असा एक टॅग केला आहे. या रविवारी त्यात ६१२ फोटो होते. मामा एकोणऐंशी वर्षांचे आहेत.